एक-इंजिनी लहान विमानांचे अपघात : एक कारणमीमांसा

बीजसंज्ञा : लहान विमाने, प्रशिक्षण उड्डाण, स्टॉल, इंधन, दिशाभ्रम, अपघात-चौकशी

प्रस्तावना :

बारामती, शिरपूर, जळगाव किंवा गोंदियानजीकचे बिरसी येथील धावपट्टीवरून उडालेले एखादे प्रशिक्षण विमान शेतात कोसळले, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते आणि बातमीत 'तांत्रिक बिघाडामुळे' हा शब्दप्रयोग बहुधा असतोच. त्या वेळी अवशेष अद्याप शेतातून हलविलेलेही नसतात. पुढे दीर्घ काळाने चौकशीचा अहवाल येतो. त्यात अनेकदा 'वैमानिकाची चूक' असे कारण नमूद झालेले असते. परंतु तोवर वाचक ती घटना विसरून गेलेला असतो. 'तांत्रिक बिघाड' आणि 'वैमानिकाची चूक' ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटत असली, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही उत्तरे प्रश्न लवकर मिटवतात. पहिले दोष यंत्रावर टाकते, दुसरे बहुधा मृत व्यक्तीवर. अपघाताआधीच्या काही मिनिटांत, काही तासांत, प्रसंगी काही दिवसांत काय घडत गेले, याचा शोध त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात एक-इंजिनी लहान विमानांच्या अपघातांची नेहमी आढळणारी कारणे या आधीच्या काळाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

सेसना १५२, सेसना १७२, पायपर चेरोकी, डायमंड डीए-४०, टेकनाम या प्रकारची दोन ते चार आसनांची, एका इंजिनाची विमाने येथे अभिप्रेत आहेत. यांपैकी सेसना १७२ हे विमान १९५६ पासून बाजारात असून त्याची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान निर्माण झालेले नाही. भारतात अशी विमाने मुख्यतः प्रशिक्षणासाठी वापरली जातात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आवश्यक असलेल्या २०० तासांच्या उड्डाणांपैकी मोठा भाग अशाच विमानांत पूर्ण होतो. अमेरिकेत मात्र ही विमाने मोटारीप्रमाणे खासगी प्रवासासाठी वापरणारा फार मोठा वर्ग आहे. तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ १९६७ पासून अशा अपघातांची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध करीत आले आहे. त्यामुळे या विषयावरील सर्वांत विपुल व विश्वसनीय सामग्री अमेरिकी आहे, आणि पुढील विवेचनातील बरीच उदाहरणेही तेथील आहेत. हवा, वजन व मानवी कान यांचे नियम मात्र दोन्ही देशांत एकच आहेत.

आकडेवारीचा कल :

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात यंत्रावर दोष ठेवण्यास सबळ कारण होते. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, ते डी हॅविलंड कंपनीच्या 'पुस मॉथ' या एक-इंजिनी विमानातून. त्याच काळात जगाच्या निरनिराळ्या भागांत या जातीच्या विमानांचे पंख उडता उडता निखळून अपघात झाले होते आणि रचनेत सुधारणा करावी लागली होती. वैमानिकाने सर्व काही योग्य केले तरी विमान मोडू शकते, अशी ती अवस्था होती.

ती अवस्था आता बव्हंशी मागे पडली आहे. अमेरिकेतील विमानमालक व वैमानिकांच्या संघटनेतर्फे अनेक वर्षे 'जोसेफ टी. नॉल अहवाल' या नावाने लहान विमानांच्या अपघातांचा आढावा घेतला जात असे. (ज्यांच्या नावे तो निघत असे, ते जोसेफ नॉल परिवहन सुरक्षा मंडळाचे सदस्य होते आणि १९८९ मध्ये व्हेनेझुएलातील काराकास येथे विमान अपघातातच त्यांचा अंत झाला.) वर्षानुवर्षांच्या या आढाव्यांतून दिसणारे चित्र फारसे बदललेले नाही. खासगी उड्डाणांतील सुमारे तीन-चतुर्थांश अपघात वैमानिकाच्या कृतीशी किंवा निर्णयाशी निगडित असतात. निव्वळ यांत्रिक बिघाडाचा वाटा त्या मानाने बराच लहान, साधारणतः सहा-सात अपघातांत एक, इतका असतो.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. संख्येने सर्वाधिक अपघात विमान उतरताना होतात. चाके जोराने आदळतात, आडव्या वाऱ्याने विमान धावपट्टीबाहेर जाते, पुढचे चाक मोडते. यांत विमानाचे नुकसान होते, पण जीवितहानी क्वचितच. याउलट खराब हवामानात सापडण्याचे अपघात संख्येने थोडे असूनही त्यांत सापडलेले बहुतेक लोक दगावतात. म्हणून 'नेहमी घडणारे' आणि 'जीव घेणारे' अपघात यांची गल्लत करता कामा नये. उतरतानाच्या किरकोळ अपघातांचा विचार येथेच थांबवून जीवघेण्या प्रकारांकडे वळणे इष्ट ठरेल.

वेग आणि कल :

विमानाचा पंख हवेत ठरावीक कोनापर्यंतच काम करतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन त्या मर्यादेपलीकडे गेला, तर पंखावरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि वर उचलणारे बल एकाएकी घटते. यास 'स्टॉल' म्हणतात. मोटारीचे इंजिन 'स्टॉल' होणे आणि विमान 'स्टॉल' होणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. बातमीदारांचाच काय, नव्या विद्यार्थ्यांचाही या शब्दाबाबत गोंधळ होतो.

विमान वळताना एका बाजूस कलते. उंची कायम राखून वळायचे, तर पंखांना अधिक बल निर्माण करावे लागते आणि त्यामुळे स्टॉल होण्याचा वेग वाढतो. सरळ उड्डाणात ४० नॉट वेगास स्टॉल होणारे विमान ४५ अंश कलले असता सुमारे ४८ नॉटला, आणि ६० अंश कलले असता सुमारे ५७ नॉटला स्टॉल होते. वैमानिकाच्या समोरील वेगदर्शकावर मात्र हा बदल उमटत नाही. काटा ५५ नॉट दाखवीत असतो, आणि नेहमीच्या उतरणीत हा वेग पुरेसा असतो.

विमानतळाभोवतीची फेरी पूर्ण करून धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घेतलेले शेवटचे वळण म्हणूनच घातक ठरत आले आहे. पाठीमागून वारा असल्याने वळण थोडे लांबते आणि विमान धावपट्टीची रेषा ओलांडू लागते. जमीन जवळ असल्याने अधिक कलण्याची भीती वाटते, म्हणून वैमानिक पायातील रडर दाबून विमानाचे नाक धावपट्टीकडे वळवू पाहतो. नाक खाली झुकते. ते उचलण्यासाठी तो दांडा मागे ओढतो. आता विमान तिरपे सरकत आहे, एक पंख दुसऱ्यापेक्षा आधी स्टॉल होतो, आणि विमान त्या बाजूस उलटून गिरक्या घेऊ लागते. या अवस्थेतून विमान बाहेर काढण्यास लहान विमानातही अनेक शे फूट उंची खर्ची पडते आणि या ठिकाणी तेवढी उंची नसते. यातील प्रत्येक कृती त्या क्षणी स्वाभाविक वाटणारी आहे, हे या साखळीचे भयावह वैशिष्ट्य होय. वुल्फगँग लँगविशे यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टिक अँड रडर' या ग्रंथात दांडा मागे ओढणे म्हणजे वर जाणे नव्हे, हा मुद्दा हरप्रकारे समजावून सांगितला. आठ दशके उलटली तरी त्या चुकीने माणसे मरतच आहेत. ज्ञानाचा अभाव हे त्याचे कारण नसावे. चाचणी परीक्षेत हे उत्तर प्रत्येक विद्यार्थी बिनचूक लिहितो.

अशा वेळी वळण सुधारण्याच्या भानगडीत न पडता शक्ती वाढवून पुन्हा एक फेरी घेणे, एवढाच उपाय असतो. त्यास सहा-सात मिनिटे आणि दोन-अडीच लिटर इंधन लागते.

इंजिन बंद पडते तेव्हा :

सामान्य समजुतीनुसार इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते. वस्तुतः सेसना १५२ किंवा १७२ सारखे विमान इंजिनाविना प्रत्येक १,००० फूट उंचीमागे साधारण अडीच ते पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते. खाली मोकळे शेत असेल आणि वेग राखला असेल, तर त्यातील माणसे बहुधा वाचतात. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक सेसना १५२ विमान शेतात कोसळले. त्यात एकट्याने उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी तरुणी बचावली.

जीव जातो तो बहुधा इंजिन थांबल्यानंतरच्या निर्णयामुळे. उड्डाणानंतर लगेच, चार-पाचशे फुटांवर इंजिन थांबले, तर मागे सोडलेली धावपट्टी वैमानिकास खुणावते. परंतु परतण्यासाठी केवळ अर्धे वळण पुरत नाही. वळणात विमान बाजूला सरकलेले असल्याने धावपट्टीच्या रेषेत येण्यास आणखी वळावे लागते, आणि इंजिनाविना वळताना उंची झपाट्याने घटते. वर वर्णन केलेला स्टॉल येथेही वाट पाहत असतो. म्हणून समोर, थोडे डावी-उजवीकडे जे मिळेल तेथे उतरावे, असे प्रशिक्षणात शिकविले जाते. कपाशीचे वा उसाचे शेत पाहून विमान मोडण्याची तयारी ठेवणे विशीतल्या विद्यार्थ्यास अवघड जाते. विमान संस्थेचे असते, त्याची किंमत त्याने ऐकलेली असते.

आता इंजिन मुळात का थांबते, हे पाहू. पिस्टन मोडणे, झडप निकामी होणे असे प्रकार घडतात. पण इंजिनास इंधन किंवा हवा न मिळाल्याने ते थांबण्याचे प्रसंगही पुष्कळ असतात, आणि अशा वेळी इंजिन स्वतः निर्दोष असते. टाकीतील इंधन संपणे हे मोटारचालकास हास्यास्पद वाटेल. पण लहान विमानांतील इंधनमापकांचे काटे विश्वासार्ह नसतात. म्हणूनच उड्डाणापूर्वी टाकीचे झाकण उघडून, मोजपट्टी बुडवून इंधन पाहण्याची रीत आहे. आधीच्या विद्यार्थ्याने किती तास उड्डाण केले याची नोंद चुकली, समोरून वारा असल्याने प्रवास लांबला, उतरून इंधन भरण्याऐवजी 'पुरेल' असा अंदाज बांधला, की हिशेब बिघडतो. दुसरा प्रकार याहून विचित्र आहे. पायपर चेरोकीसारख्या विमानात डाव्या व उजव्या पंखातील टाक्या आळीपाळीने वापराव्या लागतात. चकती फिरवायची राहून गेली, तर एक टाकी भरलेली असतानाही इंजिन उपाशी राहून थांबते. तिसरे कारण पाणी. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाकीत झाकणाच्या जीर्ण पट्टीतून पाणी शिरते, आणि दमट रात्री रिकाम्या टाकीच्या आतील बाजूस दवही साचते. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून टाकीच्या तळाची झडप दाबून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढतात. निळसर इंधनाखाली पाण्याचा थेंब स्पष्ट दिसतो. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. रोज करून रोज काहीच न सापडल्यामुळेच ते एखाद्या दिवशी टाळले जाते.

कार्ब्युरेटरमधील बर्फ ही बाब महाराष्ट्रातील वाचकास परदेशी वाटण्याचा संभव आहे. पण ती तशी नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा वेगाने वाहते, पेट्रोलचे बाष्पीभवन होते आणि तेथील तापमान तीस-पस्तीस अंशांपर्यंत उतरू शकते. बाहेर घाम येत असताना आत पाणी गोठते. तापमान २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना हा धोका सर्वाधिक असतो. मात्र ३८ अंश तापमानात, आर्द्रता ५० टक्के असतानाही बर्फ धरू शकतो, असे अमेरिकी विमान प्रशासनाच्या पाठ्यपुस्तकात नमूद आहे. श्रावणातील ढगाळ सकाळ या व्याख्येत सहज बसते. विशेषतः उतरण्यासाठी शक्ती कमी केलेली असताना नळीतील झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि तेथे थोडासा बर्फही पुरेसा होतो. गरम हवा आत घेण्याची एक खुंटी यासाठी असते. ती वेळेत ओढली तर बर्फ वितळतो. इंजिनाने आचके दिल्यानंतर ओढली, तर त्यात उष्णताच उरलेली नसते. चौकशीच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. तपास अधिकारी घटनास्थळी पोहोचेपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो. इंजिन चाचणीवर उत्तम चालते, आणि मग कारण हवामानाच्या नोंदींवरून अनुमानानेच ठरवावे लागते. सर्व विमानांत हा धोका नसतो. इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांना कार्ब्युरेटर नसल्याने तेथे या प्रकारे बर्फ धरत नाही.

ढग, अंधार आणि अंतर्कर्ण :

माणसाचा तोल आणि दिशेचे भान मुख्यतः डोळ्यांवर अवलंबून असते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव डोके फिरल्याचे कळवितो. पण वळण अतिशय संथ असेल तर ते त्यास कळतच नाही आणि एकच वळण वीस-एक सेकंद चालू राहिले, तर द्रव स्थिरावून 'सरळ जात आहोत' असा संदेश मेंदूस देतो. जमिनीवर ही उणीव जाणवत नाही, कारण डोळे ती भरून काढतात. ढगात किंवा काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसेनासे झाले, की कान एकटा उरतो आणि तो खोटे बोलतो.

इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपकरणांच्या आधारे उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना, बाहेरचे काही दिसू न देता, विमान चालविण्यास सांगण्यात आले. सोबत अर्थातच प्रशिक्षक होता. वीसही जणांचा ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी होता. बहुतेक सर्व विमाने एका बाजूस कलून, अधिकाधिक वेगाने खाली जाणाऱ्या आवर्तात शिरली. या प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच लोकांना ढगात शिरताच उपकरणांकडे पाहून संथपणे उलट फिरून बाहेर कसे यावे, याचे थोडे प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा बहुतेक सर्वांना ते साधले.

१६ जुलै १९९९ रोजी जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) यांनी न्यू जर्सीहून पायपर साराटोगा या एक-इंजिनी विमानाने मार्थाज व्हिनियर्ड बेटाकडे प्रस्थान ठेवले. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. त्यांचा एकूण अनुभव सुमारे ३१० तासांचा होता. उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना नव्हता, त्याचे प्रशिक्षण चालू होते. निघण्यास उशीर होऊन सूर्यास्त झाला. हवेत धूसरपणा होता, तरी दृश्यमानता नियमाने आवश्यक असलेल्या मर्यादेच्या आत नव्हती, म्हणजेच कायद्याने उड्डाणास आडकाठी नव्हती. किनाऱ्यावरील दिवे मागे पडून विमान समुद्रावर आले, तेव्हा धूसर आकाश आणि काळे पाणी यांतील रेषा नाहीशी झाली. रडारच्या नोंदींनुसार विमान काही वेळ अडखळत वळले आणि अखेर मिनिटास ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली गेले. तिघेही मरण पावले. चौकशी मंडळाने अंधाऱ्या रात्री व धूसर हवेत झालेला दिशाभ्रम आणि त्यामुळे सुटलेला ताबा हे कारण नोंदविले. विमानात दोष आढळला नाही. हा निर्णय समुद्रावर झालेला नव्हता. तो जमिनीवर, निघण्यास उशीर झाला तेव्हाच झाला होता.

याच्या चाळीस वर्षे आधी, ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, आयोवा राज्यातील क्लिअर लेक येथे गायक बडी हॉली यांना घेऊन रात्री उडालेले बीचक्राफ्ट बोनान्झा विमान काही मिनिटांतच कोसळले. एकवीस वर्षांच्या वैमानिकास उपकरण-उड्डाणाचा परवाना नव्हता. शिवाय विमानातील क्षितिजदर्शक उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणाहून वेगळ्या प्रकारे नाकाची चढ-उतार दाखवीत असे. हवामानाच्या धोक्याच्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचविण्यात आल्या नव्हत्या. तिन्ही बाबी वेगवेगळ्या घेतल्या, तर कोणतीही एक बाब पुरेशी ठरत नाही.

वजन आणि उष्ण हवा :

दोन आसनांच्या सेसना १५२ चे कमाल अनुज्ञेय वजन ७५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचे वजन विमानागणिक थोडे बदलते. ते ५२० किलो धरले, प्रत्येकी ८० किलोचे प्रशिक्षक व विद्यार्थी बसले आणि दोन्ही टाक्या भरल्या (सुमारे ६७ किलो), तर बेरीज ७४७ होते. उरले दहा किलो. एक दप्तर, हेडफोन, पाण्याच्या बाटल्या आणि किंचित जाड प्रशिक्षक, की मर्यादा ओलांडली. ही मर्यादा ओलांडलेले विमान थंड सकाळी, लांब धावपट्टीवरून निमूटपणे उडते, आणि त्यातूनच चुकीचा धडा मिळतो.

उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचलतो, पंखा कमी ओढतो आणि इंजिनही कमी शक्ती देते. समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंचीवर असलेल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावर मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला, तर तेथील हवा सुमारे ५,४०० फूट उंचीवरील हवेइतकी विरळ होते. म्हणजे दख्खनच्या पठारावरील मैदानी धावपट्टी दुपारी दोन वाजता एखाद्या थंड हवेच्या ठिकाणापेक्षाही उंच 'होते'. दिसायला काहीच बदललेले नसते.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतील शायेन येथे याच गणिताने तिघांचा बळी घेतला. अमेरिका ओलांडणारी सर्वांत लहान 'वैमानिक' म्हणून गाजत असलेली सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि विमानाची जबाबदारी असलेले प्रशिक्षक सेसना १७७ मधून वादळी पावसाच्या तोंडावर उडाले. विमानतळाची उंची ६,१५६ फूट होती. विमानात ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो, जादा वजन होते. प्रशिक्षकाचा सराव सखल प्रदेशातील होता. विमान उडताच स्टॉल होऊन कोसळले. परिवहन सुरक्षा मंडळाने कारण नोंदविताना प्रशिक्षकाच्या निर्णयाबरोबरच अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा आणि तिच्यामागील प्रसारमाध्यमांना दिलेली आश्वासने यांचाही उल्लेख केला. पुढच्या शहरात कॅमेरे वाट पाहत होते. विमानाच्या अपघाताच्या अहवालात दूरचित्रवाणीचा असा उल्लेख यावा, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

'वैमानिकाची चूक' या शेऱ्याच्या मागे :

गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉंटेरे उपसागरात झालेला मृत्यू या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्यांचे लाँग-ईझेड हे हौशी कारागिराने घरी बांधलेले एक-इंजिनी विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यातील जागी नव्हती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. ती फिरविण्यासाठी मागे वळावे लागे, आणि तसे वळताना पाय नकळत उजव्या रडरवर दाबला जाण्याचा संभव होता. इंधनमापकांवर खुणा नव्हत्या. निघताना इंधन कमी असूनही भरले गेले नाही. हवेत टाकी बदलताना त्यांचा ताबा सुटला, असा निष्कर्ष निघाला. ही वैमानिकाची चूक आहे, यात शंका नाही. परंतु मूठ हाताशी असती तर तीच चूक निरुपद्रवी ठरली असती. चौकशी मंडळाने मुठीची जागा, मापकांवरील खुणांचा अभाव आणि नव्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण हे घटकही नोंदविले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे स्पष्ट केलेले आहे. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग हेच तत्त्व स्वीकारतो. असे असूनही 'चूक कोणाची' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो, आणि त्याचा परिणाम प्रशिक्षण केंद्रावर होतो. विद्यार्थी लहानसहान चुका कळविणे टाळतो. जोराने आदळून उतरलेल्या विमानाची नोंद झाली नाही, तर त्याच विमानाच्या चाकाचा दांडा पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास मोडतो. मग तो 'तांत्रिक बिघाड' म्हणून नोंदला जातो.

महाराष्ट्रातील प्रशिक्षण उड्डाणे :

गेल्या काही वर्षांत राज्यात व सीमेलगत अशा घटना घडत आल्या आहेत. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूर येथून उडालेले प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावानजीक सातपुड्याच्या डोंगरात कोसळून प्रशिक्षक दगावले व प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसी येथून उडालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात कोसळले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेच्या दोन विमानांना अपघात झाला, तेव्हा नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ स्थगित केले.

या घटनांची कारणे एकच होती असे मानण्यास आधार नाही. तथापि ज्या परिस्थितीत ही उड्डाणे होतात, ती सर्वत्र सारखी आहे. पावसाळ्यात उड्डाणाचे दिवस बुडतात, विमाने मोजकी असतात, विद्यार्थ्यांची रांग लांब असते. शैक्षणिक कर्जाचे व्याज चालू असते, काही घरांनी तर जमीन गहाण ठेवलेली असते. अशा वेळी क्षितिजावर ढग पाहून 'आज नको' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा तास बुडतो, रांगेतील त्याचा क्रम मागे जातो आणि सहाध्यायांत त्याच्या धैर्याविषयी शंका घेतली जाते. उड्डाण करून सुखरूप परतणाऱ्याच्या नोंदवहीत मात्र एक तास जमा होतो. वहीत रद्द केलेल्या उड्डाणाचा रकाना नसतो. शायेन येथील कॅमेऱ्यांची जागा येथे परवान्याच्या २०० तासांनी घेतलेली आहे.

प्रशिक्षकाची अवस्थाही फारशी निराळी नसते. अनेक तरुण प्रशिक्षकांस स्वतःच्या पुढील नोकरीसाठी तास जमवावयाचे असतात. सकाळपासून चौथ्या विद्यार्थ्याबरोबर बसलेला प्रशिक्षक थकलेला असतो, आणि विद्यार्थी दांडा अधिक ओढत असल्याचे त्याच्या लक्षात येण्यास जो एक सेकंद अधिक लागतो, तो शेवटच्या वळणावर महत्त्वाचा ठरतो.

उड्डाणापूर्वीची तपासणी हा यातील सर्वांत स्वस्त टप्पा आहे. टाकीत मोजपट्टी बुडविणे, पेल्यात इंधन पाहणे, वजनाची बेरीज कागदावर मांडणे आणि वेगदर्शकाच्या नळीत कुंभारमाशीने माती भरलेली नाही ना, हे वाकून पाहणे, यांस पैसे लागत नाहीत. आपल्याकडील हवेत शेवटची बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. चार दिवस आच्छादनाविना उभ्या असलेल्या विमानाच्या नळीत माशी घर करते. धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नसल्याचे तेव्हाच लक्षात आले, तर विमान थांबविता येते. न पाहिल्यास वेग न कळता उडावे लागते.

अन्वेषण विभागाचे अंतिम अहवाल त्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात. ते इंग्रजीत असतात, आणि प्रशिक्षण संस्थांच्या वर्गांतून त्यांचे वाचन कितपत होते, हे संस्थेवर अवलंबून असते. मराठी वृत्तपत्रांत अपघाताची बातमी पहिल्या पानावर येते. अंतिम अहवालाची बातमी सहसा येतच नाही. वर्डी परिसरातील ज्या ग्रामस्थांनी जखमी तरुणीस डोंगरातून बाहेर आणले, त्यांच्या गावी ते विमान का पडले हे आजही कोणी विचारले, तर उत्तर म्हणून त्यांच्याजवळ दुसऱ्या दिवशीच्या बातमीतील ते दोन शब्दच आहेत.